चौथ्या शीलाला गप्प राहणारा देवाजी

देवाजी लाइनमनचा मला अजून राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहीन, तेव्हा कोणी असं समजू नये की आमचं मिटलं. मिटलेलं नाही. नागपूरच्या इंदोऱ्यात त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की त्याच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा. वीस वर्षं मी त्या घरातलं सगळं ऐकलं. जे भिंतीतून ऐकू आलं नाही ते इंदूबाईला, म्हणजे देवाजीच्या बायकोला, नळावर पाणी भरताना विचारून घेतलं.

देवाजी वीज खात्यात लाइनमन होता. अंगाने इतका बारीक की बांबूची शिडी खांद्यावर टाकून निघाला की शिडी कोणती आणि देवाजी कोणता, हे लांबून ओळखू यायचं नाही. अंगात खाकी, कमरेला चामड्याची पिशवी, तीत पक्कड, तारेचं बंडल आणि एक टेस्टर. कामाला चोख. आमच्याकडे विजेला वीज कोणी म्हणत नाही; लाइन आली, लाइन गेली, एवढंच. ज्याच्या घरची लाइन गेली त्याने देवाजीला खांबावर चढताना पाहिलं की खुशाल कणीक मळायला घ्यावी.

पण खांबावरून खाली उतरला की हा माणूस फेकायचा. मोठ्यांसमोर नाही. मोठ्यांशी बोलताना त्याच्या तोंडून धड एक वाक्य बाहेर पडत नसे. पोट्टे दिसले की मात्र तोंडाला धार लागायची.

"काका, लाइन कुठी गेली?"

"करंट जेवाले गेला खापरखेड्याले. सकाळपासून धावून राहिला बिचारा. त्याले भूक नाही लागत?"

"काय जेवते?"

"कोळशाचा भात."

खापरखेड्याला बिजलीघर आहे आणि तिथून नागपुरात लाइन येते, एवढं त्यात खरं. देवाजीच्या प्रत्येक खोट्यात असं चिमूटभर खरं असायचंच, मिठासारखं. तारेवरच्या चिमण्यांना झटका का लागत नाही? तर खातं त्यांना दर दिवाळीला रबरी मोजे देतं. ट्रान्सफार्मरच्या पाटीवर हाडांच्या फुलीवर कवटी काढलेली असते, तो कोणाचा फोटो? तर ज्याने एकोणतीसचा पाढा पाठ केला नाही त्या मुलाचा. आमच्या गल्लीतली पोरं त्या पाटीखाली उभी राहून पाढे घोकायची. शाळेतल्या बाई खूश होत्या, त्यांना कारण माहीत नव्हतं.

आणि टेस्टर. कोणी खोटं बोलतं असा संशय आला की देवाजी टेस्टर काढून त्या पोराच्या कपाळाला लावायचा. "खोटं बोलला तं लाल लागते." आता स्वतःच्या कपाळावर काय लागलं हे कोणाला दिसणार? देवाजी डोळे बारीक करून पाहायचा आणि म्हणायचा, "लागला, लागला. थोडासा लागला." पोरगं तिथेच पेरू चोरल्याचं कबूल करायचं. मी स्वतः माझ्या पुतण्याला दोनदा नेऊन तपासून आणलं. हसलोही खूप. हसण्यात मी नेहमी पुढे होतो, हे ध्यानात ठेवा. माझ्या रागातला अर्धा त्यापायी आहे.

देवाजीला एकच मुलगी, विशाखा. सन त्रेसष्टचा जन्म. तिला वाढवली देवाजीच्या आईने, बायजाबाईने. म्हातारी बिड्या वळायची, आणि तिच्या चष्म्याला एका बाजूची दांडी नव्हती. तिथे दोरा बांधून तो कानाला गुंडाळलेला. विशाखा तिच्या मांडीवर बसून पानं मोजायची. दोघींचं खाणं एका ताटात, झोपणं एका वाकळीत. इंदूबाई म्हणायची, "मी फक्त पैदा केली. माय तं बुढी आहे."

अडुसष्टच्या उन्हाळ्यात बायजाबाई अंथरुणाला खिळली. धंतोलीच्या दवाखान्यात नेली. पोरीला तेव्हा पाचवं लागलेलं. तिला मामाकडे सावनेरला धाडून दिली, आणि आठव्या दिवशी म्हातारी गेली. मातीला आम्ही सगळे गेलो. विशाखाला कोणी आणली नाही. पोरीने कायले पाहायचं, असं सगळ्यांचंच मत पडलं. माझंही.

महिन्याने विशाखा परत आली. पायरीवर पाय ठेवला आणि विचारलं, "आजी कुठी आहे?"

दिवेलागण झाली होती. लाइन दुपारपासून गेलेली. देवाजी उंबरठ्यावर बसला होता, मी माझ्या. इंदूबाई आत, तिने पदर तोंडाला लावला. देवाजीने तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी लाइन आली. सगळ्या गल्लीत पिवळे दिवे पेटले.

"पाह्य," देवाजी म्हणाला, "पेटवला आजीनं. तिले खापरखेड्याले नोकरी लागली. बिजलीघरात बटन दाबते."

पोरगी दिव्याकडे बघत राहिली आणि हसली. देवाजीही हसला. आता खरं सांगतो, त्या वेळी मलाही ती शक्कल बेहद्द आवडली. इतकी की दुसऱ्या दिवशी मी माझ्या पदरचं घातलं: "आजीले खाकी लुगडं भेटलं वं, आणि टोपी."

पुढची चार वर्षं सगळी गल्ली त्या खोट्याला पाणी घालत होती. रोज दिवे लागले की विशाखा म्हणायची, "आली आजी कामावर." बुद्धजयंतीला विचारायची, आजी सुट्टी का घेत नाही. देवाजी सांगायचा, ती उठली तर सगळं नागपूर अंधारात बसेल.

"मंग लाइन जाते तेव्हा काहून नाही येत? तेव्हा तं तिले काम नसते."

देवाजी म्हणाला, "तेव्हा ते भांडे घासते."

मी भिंतीपलीकडे पोट धरून हसलो.

इंदूबाई हसत नव्हती. रात्री भांडी आपटत म्हणायची, "सांगून टाका जी तिले. पोरगी मोठी होऊन राहिली." तो म्हणायचा, सांगतो. पुढच्या महिन्यात. परीक्षा होऊ दे. पाऊस जाऊ दे. मला वाटतं, विशाखाला सांगायचं म्हणजे त्यालाही एकदा मोठ्याने म्हणावं लागलं असतं की माझी माय मेली. ते त्याने कोणासमोर म्हटलं नव्हतं. पण हे मला आता वाटतं. तेव्हा काही वाटत नव्हतं.

एक बदल मात्र आम्ही पाहिला आणि त्यालाही हसलो. तिसरीत गेल्यापासून विशाखा दिवे लागले की तोंड फिरवायला लागली. "नाही बोलत मी तिच्याशी," म्हणायची. चिडकी आहे, बुढीवर गेली, असं आम्ही ठरवलं.

बहात्तरच्या हिवाळ्यात चौथीची सहल निघाली. कुठे? खापरखेड्याला, बिजलीघर पाहायला.

चिठ्ठी घरी आली तसा भिंतीपलीकडून इंदूबाईचा आवाज आला. "आज सांगता का मी सांगू?"

"मीच सांगतो. माझी माय होती."

दुसऱ्या दिवशी त्याने इंदूबाईला सांगितलं, "सांगतलं. रडली थोडीशी. आता तिच्यासमोर विषय नको काढू." इंदूबाईने विश्वास ठेवला. विषय काढला नाही. चार दिवस पोरगी शांत दिसली, तेव्हा तिला वाटलं, समजली बिचारी. तिने त्याच्या कपाळाला टेस्टर लावला असता तरी बरं झालं असतं.

सहलीच्या सकाळी मी दारात दात घासत होतो. विशाखा दोन वेण्या घालून निघाली. एका हातात भाकरीचा डबा, दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी.

"त्यात काय आहे वं?"

तिने उघडून दाखवली. बायजाबाईचा चष्मा. दोरा नवा बांधलेला.

"आजी इथंच विसरून गेली. चार वर्षांपासून बिना चष्म्याची बटन शोधून राहिली, काका. म्हणून तं लाइन जाते सारखी." मग थोडं थांबून म्हणाली, "मी तिच्यावर रागावली आहे. पण चष्मा देऊन देते."

माझ्या लक्षात आलं. देवाजीने सांगितलंच नव्हतं. कोपऱ्यावर बस उभी होती, बाई हाका मारत होत्या. हात धरून तिला थांबवायला मला किती वेळ लागला असता? मी काय केलं ते लिहितो, कारण मला तेव्हाच कळलं होतं, हे गल्लीत कोणाला माहीत नाही. मी तोंडातली चूळ टाकली आणि म्हणालो, "माझा बी जयभीम सांगजो आजीले."

जिभेची सवय. दुसरं काही नाही.

पुढचं मला तिच्या बाईंनी, यमुताईंनी, नंतर सांगितलं. बिजलीघरात साहेबांनी मुलांना बटनांच्या मोठ्या खोलीत नेलं. विशाखा सगळ्यांच्या पुढे गेली. साहेबांना विचारलं, "बायजाबाई कोणत्या बटनावर बसते?" साहेब भले होते. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, त्याने दुसऱ्याला. मग म्हणाले, इथे बायका कामाला नाहीत, बेटा. तेव्हा मागून आमच्याच गल्लीतली एक पोरगी बोलली, "तिची आजी मेली ना सर. आम्हाले माहीत आहे. तिलेच नाही माहीत."

चाळीस पोरं हसली. चाळीस पोरांना माहीत होतं.

संध्याकाळी बस आली. विशाखा रडत नव्हती. ती सरळ घरात गेली. देवाजी नुकताच कामावरून आलेला, खाटेवर बसून जोडे काढत होता. तिने खुंटीवरच्या पिशवीत हात घातला, टेस्टर काढला आणि त्याच्या कपाळाला लावला. मी दारात येऊन उभा होतो. माझ्यामागे अर्धी गल्ली.

"बोला. आजी कुठी आहे?"

देवाजीच्या हातात एक जोडा तसाच राहिला. "बेटा, ते..."

"बोला."

"खापरखेड्याले..."

तिने टेस्टरकडे पाहिलं. मग काढून आपल्या डोळ्यांसमोर धरला. "नाही लागला. म्हणजे हे बी खोटंच होतं."

इंदूबाई चुलीपाशी उठून उभी राहिली. "तुम्ही तं सांगतलं म्हणत होते जी," एवढंच म्हणाली. तिचा आवाज ऐकून मागचे दोघंचौघं आपापल्या घरी निघून गेले.

"मेली ना?" विशाखाने विचारलं.

"हो."

"मी मामाकडे होती तेव्हा?"

"हो."

"मी तिच्यावर रागावत होती," ती म्हणाली, आणि तेव्हा तिचा आवाज चढला. "दोन वर्षं मी तिच्याशी बोलत नव्हती. मले वाटे, ते मले विसरली. इतक्या जवळ राहते आणि येत नाही. मी तिले शिव्या देत होती मनातल्या मनात. ते तं मेली होती. तुम्ही मले मेलेल्या आजीवर रागवाले लावलं."

मग तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. "आणि तुम्ही जयभीम सांगत होते."

आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ काही सुनावलं. त्या एका वाक्याला मी अजून उत्तर शोधतो आहे.

त्या रविवारी तिने हट्टाने देवाजीला स्मशानघाटावर न्यायला लावलं. सायकलवर दांडीला ती, हातात तो चष्मा. घाटावर पाहण्यासारखं काही नव्हतं. "कोणती जागा?" तिने विचारलं. देवाजीने हात उचलला, कुठेतरी दाखवणार होता, मग हात खाली केला. "आठवत नाही मले," म्हणाला. हे त्याने स्वतः मला सांगितलं. सांगताना म्हणाला, "खरं बोलाले लई जड जाते गा, भाऊ." मी म्हणालो, सवय नाही ना. तो हसला नाही.

आता विहाराची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी टिनाचं विहार होतं. तिथे शालिकराम गुरुजी पोरांना पंचशील शिकवायचे, पालीतलं प्रत्येक शील म्हणून घ्यायचे आणि मराठीत अर्थ सांगायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पौर्णिमेला सगळी गल्ली जमायची. गुरुजी पुढे म्हणायचे, आम्ही मागून. देवाजी आवाजाला बरा होता, पहिल्या रांगेत बसायचा, विशाखा शेजारी.

त्या पौर्णिमेला तिसरं शील झालं. गुरुजींनी चौथं म्हटलं. आम्ही तोंड उघडलं तेवढ्यात विशाखाने हात उचलून बापाच्या तोंडावर ठेवला.

"बाबा, हे तुम्ही नका म्हणू. हे तुम्ही पाळत नाही."

नऊ वर्षांची पोरगी. ओरडली नाही. विहारात दीडशे माणूस, सगळ्यांनी ऐकलं. गुरुजी रागावतील असं मला वाटलं. त्यांनी देवाजीकडे पाहिलं, थांबले. देवाजीने जोडलेले हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. आम्ही बाकीच्यांनी चौथं म्हटलं. माझा आवाज जरा कमीच निघाला. पाचव्याला देवाजीने हात पुन्हा जोडले.

तेव्हापासून देवाजी चौथ्या शीलाला गप्प. दर पौर्णिमेला, दर जयंतीला, कोणाच्या घरी कार्य असो की मयत असो. तीन शीलं म्हणायचा, चौथ्याला हात खाली, पाचव्याला वर. गल्लीत नवीन राहायला आलेले विचारायचे, हा मध्येच का थांबतो, दम लागतो काय? मी म्हणायचो, होय, दमाच आहे. म्हणजे बघा, सुधारलो मीही नव्हतो.

आणि त्याचं फेकणं बंद झालं. पूर्ण. पोरं विचारायची, लाइन कुठी गेली. तो म्हणायचा, "तार तुटली." चिमण्या? "त्या एकाच तारेवर बसतात, जमिनीले टेकत नाहीत, म्हणून झटका लागत नाही." पोरांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. इतकं खरं कोणाला ऐकायचं असतं. पाढेही विसरली सगळी.

विशाखा त्याच्याशी बोलायची, नाही असं नाही. जेवाले या. पिशवी घ्या. पगाराची तारीख कोणती. त्यापलीकडे एक शब्द नाही. ती मॅट्रिक झाली, डीएड झाली, मास्तरीण झाली. शाळेत एका पोराने विचारलं, बाई, बाळ कुठून येते. दुसऱ्या मास्तरणी देवाच्या घरून म्हणायच्या. हिने सरळ सांगितलं, आईच्या पोटातून, आणि फळ्यावर चित्र काढून दाखवलं. पालकांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली. ती म्हणाली, "मी पोरांशी खोटं बोलणार नाही. तुम्हाले दुसरी बाई पाहिजे तं पहा." हेडमास्तरांनी पाहिली नाही. तिच्यापुढे बोलायची त्यांची टाप नव्हती.

एकवीस वर्षांची झाली तेव्हा कामठीचं एक स्थळ आलं. मुलगा रवींद्र, पोस्टात. पाहायला आले तेव्हा शेजारी म्हणून मीही बसलो होतो. मुलाच्या बापाने, महादेवरावांनी, सहज विचारलं, पोरीचा स्वभाव कसा आहे. आता या प्रश्नाला जगात एकच उत्तर असतं: गाय आहे आमची पोरगी. मी तर ते देवाजीच्या वतीने देणारही होतो.

देवाजी म्हणाला, "रागीट आहे."

इंदूबाईने पोह्यांची बशी ठेवता ठेवता त्याच्याकडे डोळे वटारले.

"लई रागीट आहे," तो पुढे म्हणाला. "बारा वर्षं झाले, माझ्याशी सरळ बोलली नाही. पण चूक तिची नव्हती. माझी होती. मी तिच्याशी खोटं बोललो होतो."

मी मनातल्या मनात कपाळ बडवलं. गेलं स्थळ. इंदूबाई आत गेली आणि भांडं आपटलं. महादेवरावांनी पोह्यांची बशी हातात घेतली. "चार ठिकाणी फिरून आलो," म्हणाले, "चारही घरी गाईच होत्या. इथं पहिल्यांदा माणूस दिसला."

पडद्यामागे विशाखा उभी होती. पडदा जरा हलला, मला दिसलं.

लग्न विहारापुढच्या मांडवात, संध्याकाळी. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या पोशाखात. मांडवावर दिव्यांच्या माळा देवाजीने स्वतः लावलेल्या. शालिकराम गुरुजी थकलेले, पण आवाज तोच. पंचशील सुरू झालं. तीन शीलं झाली, चौथ्याला देवाजीचे हात खाली गेले. गुरुजींनी पाचवं म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं, पण नवरीचा आवाज आला नाही. गुरुजी थांबले. रवींद्रने घाबरून तिच्याकडे पाहिलं. गावभर ऐकलेल्या रागाचा पहिला घास आपल्याच वाट्याला आला, असं त्याला वाटलं असावं.

"बाबा," विशाखा म्हणाली, "चौथं राहिलं."

देवाजी उभा होता तसाच. "म्हणू?"

"म्हणा." आवाजात तूप नव्हतं, कपाळावर आठी होती. "आणि मंग पाळा."

गुरुजींनी चौथं पुन्हा म्हटलं. देवाजीने एकट्याने म्हटलं. बारा वर्षांत तोंडाने न उच्चारलेलं, त्यामुळे मध्ये एकदा चुकला. गुरुजींनी दुरुस्त केलं. त्याने परत म्हटलं, सावकाश, पोर पाढा म्हणतं तसं.

लोक पंगतीला वळले आणि मांडवाची लाइन गेली. मेणबत्त्या तेवढ्या राहिल्या. महादेवरावांची सहा वर्षांची नात, तारा, देवाजीचा सदरा ओढत उभी राहिली. "आजोबा, लाइन कुठी गेली?"

मी त्याच्या शेजारीच होतो. मला त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. खापरखेडं, कोळशाचा भात, सगळं त्या तोंडात आलं होतं, पैजेवर सांगतो. त्याने व्यासपीठाकडे पाहिलं. मेणबत्तीच्या उजेडात विशाखा त्याच्याकडेच बघत होती.

"फ्यूज उडाला, बाई," देवाजी म्हणाला. "माळा जास्ती झाल्या, तार जळली. मी बदलून देतो." आणि लग्नाच्या नव्या टेरिकॉटमध्ये शिडी आणायला निघाला.

ताराचा चेहरा पडला. तिला काहीतरी मोठं हवं होतं. ती माझ्याकडे वळली. "खरं? नुसता फ्यूज?"

मी घसा साफ केला. खाली वाकलो. अशी संधी बारा वर्षांत आली नव्हती.

"काका," व्यासपीठावरून आवाज आला.

मी सरळ उभा राहिलो. "हो वं," ताराला म्हणालो. "नुसता फ्यूज."